गादीतली भाकर

डोणगावात शकूर पिंजाऱ्याचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. पहिली, त्याच्या हातची गादी दहा वर्षं अंगाखाली राहिली तरी तिच्यात गोळे होत नसत. दुसरी, त्याचं जेवण. सकाळी कामाला बसला की दुपारपर्यंत डोकं वर काढायचा नाही आणि दुपारी ताटावर बसला की सात-आठ भाकरींशिवाय उठायचा नाही. आंबाडीची भाजी असली तर मग विचारूच नका. बायका पिठाचा डबा आधीच जवळ घेऊन बसत आणि तोंडावर चिडवत, की शकूरभाई, गादीत रुई जास्त जाते का तुमच्या पोटात भाकरी. तो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि आणखी एक मागायचा.

त्याला कारणही होतं. गादी ज्या घरी भरायची त्या घरानं पिंजाऱ्याला जेवू घालायचं, आणि तेही पोटभर, असा गावातला रिवाज. पिंजारी अर्धपोटी उठला तर गादी लवकर बसते, असं बायका मानायच्या. हे कोणी सुरू केलं देव जाणे. बहुतेक एखाद्या भुकेल्या पिंजाऱ्यानंच केलं असावं. पण नांदायला जाणाऱ्या पोरीच्या गादीच्या बाबतीत तर हा रिवाज कोणी मोडत नसे, मग घरात दाणे असोत की नसोत.

शकूरची स्वतःचीही एक सवय होती. पहिला घास मोडण्याआधी आसपास जो असेल त्याला तो म्हणायचा, "या, जेवू." दारातला कुत्रा हाकलणारा गडी असो की माळवदावर मिरच्या वाळवणारी म्हातारी, 'या, जेवू' म्हटल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. त्याच्या बापानं लावलेली सवय होती ती. एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही असं बाप सांगायचा, आणि शकूरनं ते कुराणातल्या आयतीसारखं जपलं होतं.

म्हणून खुर्शीदा गेली तेव्हा त्याचे हाल झाले. बायको गेल्याचं दुःख सगळ्यांनाच होतं, त्यात नवल नाही. पण शकूरला रोज दोन वेळा ते नव्यानं व्हायचं. लेक फहीम भिवंडीला यंत्रमागावर होता, ईदला आला तर आला. घरात म्हणावं तर कोणाला? शेवटी त्यानं एक तोड काढली. घरी तो बसून जेवेनासा झाला. चुलीपाशी उभ्या उभ्या दोन घास गिळायचे, वरून पाणी प्यायचं आणि बाहेर पडायचं. बसलं की 'या' म्हणावंसं वाटतं, उभ्यानं तसं वाटत नाही. खरं जेवण व्हायचं ते फक्त कामावर, लोकांच्या ओट्यावर, चार माणसांत.

आणि तेच कमी होत चाललं होतं. पूर्वी घरोघरी कापसाचा एक बोजा गादी-गोधडीसाठी मागे ठेवत. बीटी बियाणं आलं, आठ-दहा वर्षांत सगळं शिवार त्यानं भरून गेलं, आणि कापूस घरात थांबेनासा झाला. वेचला की गाडीत, गाडीतून जिनिंगला. खताचा, फवारणीचा खर्च असा वाढला की बोंड फुटायच्या आधीच त्याच्या पैशाला पाय फुटलेले असत. दोन वर्षं पावसानं दगा दिला. गावातल्या तीन घरांतले कर्ते पुरुष आपल्या हातानं जीव देऊन मोकळे झाले, आणि मागे राहिलेल्या बायकांना गादी कसली नि गिरदी कसली. ज्यांची लग्नं व्हायची ती सामुदायिक, आणि आंदण म्हणून मेहकरच्या दुकानातली फोमची गादी, रंगीत फुलाफुलांची. वर्षाला चाळीस-पन्नास गाद्या भरणारा शकूर सात-आठांवर आला. म्हणजे त्याची वर्षाची सात-आठ जेवणं उरली.

नेमकं त्याच सुमारास त्याच्या पोटानं दगा दिला.

सुरुवात अशी झाली, की चौथा घास खाल्ला की पोट गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाटायचं. पोट नगाऱ्यासारखं ताणायचं, ढेकरांवर ढेकर. मग उलट्या. आणि उलटीत पाहावं तर काल संध्याकाळी खाल्लेली तुरीची डाळ जशीच्या तशी. डोणगावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, गुलाबी औषध दिलं. त्यानं काही झालं नाही. साखरेचा आजार शकूरला बारा वर्षांपासून होता, पण त्याच्या गोळ्या तो आठवण झाली की घ्यायचा आणि आठवण काही रोज व्हायची नाही. पुढच्या डॉक्टरकडे तो गेला नाही. खुर्शीदाचंही असंच सुरू झालं होतं. आधी भूक गेली, मग उलट्या, मग पोटात दुर्बीण घातली, मग गाठ निघाली, मग सहा महिने. दुर्बीण घातली नाही तर गाठही निघणार नाही, असा त्यानं मनाशी हिशेब केला होता. भित्रा माणूस असाच हिशेब करतो, आणि तो किती चुकीचा आहे हे त्याला आतून ठाऊकही असतं.

कामावर मात्र त्यानं कोणाला पत्ता लागू दिला नाही. पिंजाऱ्याला जेवत नाही म्हटलं की पहिला प्रश्न, आमच्या हातचं चालत नाही का? दुसरा प्रश्न, आजारी आहात का? मग आजारी माणसाच्या हातची गादी कोण भरून घेणार? रुई उडते म्हणून ताट वाढून बायका आत जात. तेवढ्यात तो दोन घास खाऊन उरलेल्या भाकरी कापडात बांधायचा आणि परतीच्या वाटेवर जाकीरच्या शेळ्यांना घालायचा. शेळ्या त्याला लांबून ओळखू लागल्या होत्या. गावात त्याचं नाव तसंच कायम होतं, आठ भाकरी खाणारा शकूर.

योगिनीच्या गादीच्या वेळी हे अंगाशी आलं.

योगिनी हिंमतराव आणि पुष्पाबाईंची एकुलती लेक. हिंमतरावांची जमीन बेताची, पण माणूस हौशी. बीटीच्या पिशवीसोबत बांधाच्या कडेला लावायला म्हणून साध्या बियाण्याची एक लहान पुडी मिळते. बहुतेक लोक ती फेकून देतात. हिंमतरावांनी ती चारी बाजूंनी लावली आणि त्याचा सगळा कापूस, अळीनं डागलेली कवडी निवडून काढून, लेकीच्या गादीसाठी राखून ठेवला. दुकानातल्या फोमवर माझी पोर निजणार नाही, असं त्यांनी गावभर सांगितलं होतं. शकूरला बोलावणं आलं तेव्हा त्यानं कमानीची तात नवी लावली. तात म्हणजे पिंजणाच्या कमानीला ताणून बांधलेली दोरी. ती रुईवर थरथरली की रुई मोकळी होते.

लग्नाचं घर, ओटा बायकांनी भरलेला. त्या दिवशी पुष्पाबाई आत गेल्याच नाहीत. तोंडाला पदर लावून समोर बसल्या आणि आपल्या हातानं वाढू लागल्या. ज्वारीची पातळ भाकर, आंबाडीची भाजी, वरून कच्च्या तेलाची धार. एक झाली की दुसरी. चौथ्या घासाला शकूरच्या छातीत दाटून आलं. पण समोर ती माउली, आणि पोरीच्या गादीचा सवाल. पुष्पाबाई कोणाशी बोलायला मान वळवत, तेवढ्यात तो भाकर मोडून शेजारच्या रुईच्या ढिगात सारायचा. संध्याकाळी काढून घेऊ, असं त्याच्या मनात होतं. आठ भाकरी झाल्या तशा पुष्पाबाई समाधानानं उठल्या.

थोड्या वेळानं त्याला उमासा आला आणि तो गोठ्यामागे गेला. परत यायला बराच वेळ लागला. तोवर शेजारणींनी हौसेनं पिंजलेली सगळी रुई खोळीत भरली होती आणि एकीनं दाभण घेऊन चौथी बाजू शिवायला घेतली होती. गाणीही सुरू झाली होती. शकूर तिथं उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं हसण्यावारी गेलं असतं. पण दोन वर्षं झाकलेली गोष्ट पंचवीस बायकांपुढे सांगायची, ती त्याच्या जिवावर आली. शेवटचा टाका पडला तेव्हा तो घाम पुसत होता, आणि बायकांना वाटलं बिचारा किती दमला.

चैत्रात लग्न झालं, योगिनी साखरखेर्ड्याला नांदायला गेली, गादी तिच्याबरोबर गेली. आखाडात गादीला उंदरानं भोक पाडलं. सासू मंजुळाबाईंना वाटलं, रुईत सरकी राहिली असेल. त्यांनी टाके उसवले, आणि आतून रुईत गुंडाळलेले भाकरीचे वाळके तुकडे निघाले. एक नाही, दोन नाही, सुपलीभर. नव्या नवरीच्या गादीत अन्न लपवलेलं म्हटल्यावर लोकांची डोकी कुठं धावतात ते सांगायला नको. शेजारीण म्हणाली ही करणी आहे. लग्नाला तीन महिने झाले तरी पोरीला दिवस गेले नाहीत ते म्हणूनच. गादी भरणारा कोण? मुसलमान? मग तर झालंच. गादी टेम्पोतून डोणगावला परत आली, आणि मागोमाग निरोप आला, की याचा उलगडा झाल्याशिवाय राखीला सून माहेरी धाडणार नाही, आणि झाला नाही तर कायमची धाडू.

हिंमतराव आणि पुष्पाबाई दोघंही शकूरच्या दारात आले. ती फाटकी गादी त्याच्या अंगणात टाकली. पुष्पाबाईंनी पदरातले तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"शकूरभाई, माह्या पोरीच्या गादीत हे काऊन टाकलं तुमी?"

शकूरनं त्यातला एक तुकडा उचलून हातात घेतला. मग म्हणाला, "वैनी, मले जेवता येत नाई."

"तुमाले?" पुष्पाबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दात सगळं आलं. तीस वर्षं ज्याला त्यांनी जेवू घातलं, तो हे सांगत होता. त्यांचा विश्वास बसला नाही यात त्यांची चूक नव्हती. शकूरनं आपलं नाव आपणच इतकं मोठं करून ठेवलं होतं, की आता त्याच्याखालून बाहेर निघता येत नव्हतं.

हिंमतरावांनी मात्र व्यवहार सोडला नाही. ते म्हणाले, "हे पाय शकूर, माह्या मनात तुह्याबद्दल काई नाई. पण तिकडं माही पोरगी हाये. जेवता येत नाई म्हनतो नं, मंग डॉक्टरचा तसा कागद आन. तो मी साखरखेर्ड्याले नेतो."

त्या आठवड्यात ठरलेली दोन कामं निरोप न देताच मोडली. मशिदीतून बाहेर पडताना लोक सलाम-दुवा करत, पण थांबत नसत. जाकीरच्या शेळ्या तेवढ्या अजून धावत येत. शकूरला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की गाठ निघाली तर निघू दे, पण कागद मिळू दे.

मेहकरचा डॉक्टर तरुण होता आणि त्याला ऐकायची सवय होती. किती घासांनी पोट भरतं, उलटी जेवल्यावर किती तासांनी होते, उलटीतलं अन्न ओळखू येतं का, वजन किती उतरलं, साखर किती वर्षांची, हे त्यानं एक एक करून विचारलं. काल संध्याकाळची डाळ आज दुपारी जशीच्या तशी पडते म्हटल्यावर त्यानं लिहिता लिहिता वर पाहिलं. शकूरला टेबलावर आडवं केलं, पोटाला कानातली नळी लावली आणि कंबर दोन्ही हातांनी धरून हलवली. पोटातून डचमळण्याचा आवाज आला, अर्धी घागर हिंदकळावी तसा. शेवटचं कधी जेवला, असं त्यानं विचारलं. शकूर म्हणाला, काल दुपारी. डॉक्टर म्हणाला, मग आता तिथं काही असायला नको होतं. त्यानं औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी दिली आणि सांगितलं, की आधी दुर्बिणीनं बघावं लागेल.

शकूरनं फहीमला फोन केला. फहीमनं विचारलं, अब्बा, घाई आहे का, मालक सुट्टी देत नाही, ईदला येतो तेव्हा जाऊ. शकूर म्हणाला, घाई काही नाही, साधीच तपासणी आहे. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं एकटाच निघाला.

दुर्बिणीसाठी आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घालायचं नव्हतं. त्यानं घातलंही नाही. नळी घशाखाली गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मनात फक्त खुर्शीदा होती. तिचाही हात असाच टेबलाच्या कडेला आवळलेला होता, आणि तेव्हा तो धरायला शकूर तरी होता. नळी बाहेर आली तसा डॉक्टर रागानं बोलला. उपाशी यायला सांगितलं होतं ना, मग सकाळी जेवून का आलात? पोटात अर्धं ताट अन्न आहे.

शकूर म्हणाला की काही खाल्लं नाही. नर्स म्हणाली, सगळे असंच म्हणतात. इथंही तेच. तिकडे खाल्लं म्हणून सांगितलं आणि खाल्लं नव्हतं. इथं खाल्लं नाही म्हणतो तर कोणी मानत नाही. त्यानं विचारलं, की आत हिरवं दिसलं का? डॉक्टर म्हणाला, हो, भाजीचे तंतू आहेत. शकूर म्हणाला, ती आंबाडी, परवा दुपारची. त्यानंतर भाजी केलीच नाही.

डॉक्टरनं खुर्ची ओढून घेतली आणि राग खाली ठेवून बोलला. आत गाठ नाही, व्रण नाही, पोटाची पुढची वाट मोकळी आहे. शकूरनं ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. गाठ नाही. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि तिथंच बसून तो रडला. वाट मोकळी असून अन्न पुढं सरकत नाही, म्हणजे पोटच हलत नसावं, असं डॉक्टर सांगत होता. पण नुसतं वाटून भागत नाही, ते मोजावं लागतं. त्यासाठी वेगळी तपासणी असते. आठ दिवसांनी यायचं, पोट जड करणाऱ्या काही गोळ्या तीन दिवस आधी बंद ठेवायच्या, साखर त्या सकाळी आटोक्यात पाहिजे, आणि पुन्हा उपाशी. आठ दिवस साखरेच्या गोळ्या शकूरनं नमाजासारख्या वेळेवर घेतल्या.

तपासणीच्या दिवशी त्याला एका स्वच्छ खोलीत बसवलं. समोर ताटली आली. पांढऱ्या पावाचे दोन तुकडे, अंड्याचा पांढरा भाग, थोडा मुरंबा, पेलाभर पाणी. अंड्यात एक औषध मिसळलेलं होतं, त्यामुळे अन्न पोटात कुठं आहे ते बाहेरच्या यंत्राला दिसतं. दहा मिनिटांत सगळं संपवायचं आणि चार तास पोटात राहू द्यायचं. काही उरलं किंवा उलटी झाली तर मोजमाप फुकट, असं तिथल्या मुलानं बजावलं.

म्हणजे जे जमत नाही म्हणून आला होता तेच करून दाखवायचं होतं. जेवता येत नाही हे सिद्ध करायला आधी जेवायचं. शकूरनं ताटलीकडे पाहिलं आणि नकळत त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. पावाचा तुकडा खिशात सहज मावला असता. त्यानं हात मागे घेतला. दाराशी बेबीताई नावाची आया घड्याळ बघत उभी होती. शकूरनं सवयीनं तिला म्हटलं, "या ताई, जेवू."

ती हसली. "बाबा, हे तुमचं एकट्याचंच जेवण आहे. यात दुसऱ्याचा घास चालत नाही."

त्यानं मान डोलावली आणि खायला सुरुवात केली. दुसरा पाव अर्धा झाला तेव्हा पोट ताणलं, कपाळावर घाम आला. त्याच्या डोळ्यांपुढं ती फाटकी गादी होती, आणि पुष्पाबाईंचा तो एक शब्द. शेवटचा घास त्यानं पाण्याबरोबर ढकलला. बेबीताई म्हणाली, नऊ मिनिटं.

लगेच यंत्रापुढं उभं करून एक चित्र घेतलं. मग तासानं दुसरं, दोन तासांनी तिसरं. मधल्या वेळात बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. आजूबाजूच्या प्रत्येक रोग्यासोबत कोणी ना कोणी होतं, कोणाची सून, कोणाचा भाऊ. शकूरच्या शेजारी त्याची पिशवी होती. तिसऱ्या तासाला त्याला असा उमासा आला की त्यानं तोंडावर रुमाल दाबून भिंतीला डोकं टेकलं. आता बाहेर पडलं तर पोरीचं माहेरपण गेलं, या एका विचारावर त्यानं तो आतल्या आत जिरवला. बेबीताईनं जाता येता विचारलं, संगं कोणी नाही का बाबा? तो म्हणाला, येऊन राह्यला लेक. ती पुन्हा गेली तेव्हाही तो तेच म्हणाला.

चार तासांनंतरचं चित्र डॉक्टरनं त्याला दाखवलं. पहिल्या चित्रात जिथं उजळ गोळा होता तिथंच तो चौथ्यातही होता, थोडासा लहान. चांगल्या पोटात चार तासांनी शंभरातले दहा भागही उरत नाहीत, डॉक्टर म्हणाला, तुमच्या पोटात सेहेचाळीस उरलेत. साखरेनं पोटाच्या नसा ढिल्या पडल्या आहेत. पोटानं अन्न घुसळायचं आणि पुढं ढकलायचं, ते त्याला आता जमत नाही.

"म्हंजे कमान हाये, पन तात सैल पडली," शकूर म्हणाला.

डॉक्टरला ते समजावून सांगावं लागलं, पण समजल्यावर त्याला ते आवडलं. पुन्हा पूर्वीसारखी ताणली जाणार नाही, म्हणाला, पण सांभाळता येईल. साखर काबूत ठेवायची. भाकर बंद, पालेभाजी बंद, तेलकट बंद. मऊ भात, पातळ वरण, गाळलेली डाळ. गोळी जेवणाआधी अर्धा तास. आणि दोन वेळा पोटभर नाही, दिवसातून सहा वेळा, दर वेळी वाटीभर. उभ्यानं नाही, बसून, सावकाश. घरच्यांशी बोलत बोलत खा, म्हणजे घाई होत नाही. मग त्यानं सहज विचारलं, घरी कोण कोण असतं?

"हायेत," शकूर म्हणाला, आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला.

कागद हिंमतरावांनी साखरखेर्ड्याला नेला. जावई कुलदीपनं तो आईला वाचून दाखवला, चार तास, सेहेचाळीस भाग, सगळं मराठीत सांगितलं. मंजुळाबाई म्हणाल्या, आजारी माणसाले आपन काय काय बोललो. राखीला योगिनी माहेरी आली आणि आल्या आल्या आईला म्हणाली, शकूरचाचाची गादी मला परत पाहिजे. पण तिकडं तोवर फोमची गादी आली होती, फुलाफुलांची. ती कोण परत करणार? तेव्हा गादी नव्यानं भरून माहेरीच ठेवायची, पोर येईल तेव्हा तिच्या अंगाखाली, असं ठरलं.

शकूर सकाळीच येऊन बसला. सगळी रुई पुन्हा पिंजली, तुकडान् तुकडा निवडून काढला. दुपारी पुष्पाबाई ताट घेऊन आल्या. ताटात एक वाटी होती. गुरगुट्या भात आणि वरचं वरण. त्यांनी ती त्याच्यापुढे ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. त्या म्हणाल्या, मी आठ भाकरी वाढल्या हो, समोर बसून. माणूस मरत होता अन् मी वाढत होते.

"तुमी प्रेमानं वाढत होत्या, वैनी," शकूर म्हणाला. मग त्यानं सगळ्यांकडे बघून म्हटलं, या, जेवू. हिंमतराव आले, योगिनी आपली ताटली घेऊन आली. शकूरनं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं वाढलेलं सगळं खाल्लं आणि काही लपवलं नाही.

पुष्पाबाईंनी पथ्याचं सगळं विचारून घेतलं. सहा वेळा म्हटल्यावर त्यांनी बोटांवर वेळा मोजल्या आणि थांबल्या.

"अन् मंग बाकीचे पाच बखत कोनासंगं?"

शकूर कमानीची तात चाचपू लागला. पुष्पाबाई म्हणाल्या, रोज एक बखत तरी इथं येत जा. अगदी मनापासून म्हणाल्या. त्यानंही हो म्हटलं. पण दोघांनाही ठाऊक होतं. काम असलं की पिंजारी ओट्यावर जेवतो, तो त्याचा हक्क असतो. काम नसताना रोज दुसऱ्याच्या ओट्यावर वाटी पुढं करणारा पिंजारी नसतो. आणि गावात आता गादी भरायची कोणाची उरली नव्हती. कागदानं त्याचं नाव परत दिलं होतं, पण फोमच्या गाद्यांवर कागदाचा काही इलाज नव्हता.

चार वाजता तो घरी होता. त्यानं गोळी साडेतीनलाच घेतली होती. चूल पेटवून मूठभर तांदूळ मऊ शिजवले, वाटीत काढले. सवयीनं तो चुलीपाशी उभाच राहिला होता, मग डॉक्टरचं आठवलं. खुर्शीदाचा पाट भिंतीशी लावलेला होता, तो त्यानं उचलला, पुसला, मधोमध मांडला आणि बसला. ती गेल्यानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या घरात जेवायला बसला होता. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं.

"या, जेवू," तो म्हणाला.

थोडा वेळ त्यानं वाट पाहिली. मग डॉक्टरनं सांगितलं होतं तसा सावकाश पहिला घास घेतला.